डाव्या पायाजवळचा डबा

आमच्या ट्रकचा हॉर्न पहिल्यांदा आपोआप वाजला तेव्हा मी ट्रकमध्ये नव्हते. पालघरच्या बाजारापाशी गर्दीत आमचे ड्रायव्हर एका वाहतूक पोलिसाच्या अगदी पाठीमागे उभे होते आणि हॉर्न जो सुरू झाला तो थांबेना. पोलीस वळला, बाजूला आला, काचेवर काठी आपटली. ड्रायव्हरने दोन्ही हात वर करून दाखवले, की बघा, मी बटणाला हातसुद्धा लावलेला नाही. पोलिसाला तो उद्धटपणा वाटला. त्याने पावती फाडली.

दुपारी ड्रायव्हरने ती पावती माझ्यापुढे ठेवली. "वयनी, हॉर्न आपोआप वाजला."

"हो का? आणि पावती पण आपोआप फाटली असंल."

ते हसले नाहीत. मी हसले.

ट्रक बारा वर्षांचा आहे. छोटाच, मागे हौदा आणि पुढे तिघांची केबिन. तो माझ्या नावावर आहे. नवरा बोटीवर असतो. समुद्रावरचं तो बघतो, किनाऱ्यापासून पुढचं मी. सातपाटीच्या बंदरावर मासळी उतरली की ती बर्फात भरायची, पालघरच्या बाजारात मासळी विकणाऱ्या बायकांना सोडायचं, मग बोईसरला कारखान्यांची दोन कॅन्टीनं आणि एक हॉटेल करून तारापूरच्या वसाहतीतली ठरलेली घरं घ्यायची. हे काम मी पंधरा वर्षं करते आहे आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं ड्रायव्हर तेच होते. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, बोईसरहून चिल्हार फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका पाड्यावरचे. मी त्यांना दादा म्हणते. आठवडाभर ते सातपाटीत आमच्या शेजारच्या खोलीत राहत आणि रविवारी घरी जात. ट्रकच्या दोन किल्ल्या होत्या, एक त्यांच्या खिशात, एक माझ्या घरी खिळ्याला.

दादांच्या आधी मी तीन ड्रायव्हर बघितले होते. एकाचे सासरे वर्षात दोनदा वारले. एकाच्या टाकीतलं डिझेल कायम चढावर सांडायचं. तिसऱ्याला टायर पंक्चर झाल्याशिवाय घरची आठवण येत नसे. त्यामुळे ड्रायव्हर काही सांगू लागला की मला आधी शंका येते आणि त्याचं बोलणं मग ऐकू येतं. दादांनी नऊ वर्षांत असलं कारण एकदाही पुढे केलं नव्हतं, ही गोष्ट तेव्हा लक्षात यायला हवी होती. आली नाही.

हॉर्ननंतर आठवड्याने वायपर लागले. आश्विनातलं कडक ऊन, काच कोरडी, आणि वायपर करकरत फिरतायत. मग दोन्ही बाजूंचे इंडिकेटर एकदम लुकलुकायला लागले. मग दारांची लॉकं, मग हेडलाईट. दादा दर वेळी येऊन सांगत, "आज हे झालं." मी म्हणत असे, "इलेक्ट्रिशियनला दाखवा." ते दाखवत. इलेक्ट्रिशियनकडे गेलं की ट्रक शहाण्यासारखा वागे. त्या माणसाने फ्यूज बदलले, हॉर्नचं बटण बदललं आणि वर म्हणाला, "काय नाय याच्यात." हे ऐकून माझी शंका ट्रकवरून हळूहळू दादांवर सरकली. वय होत आलंय, लक्ष नसतं, बटणावर हात पडत असेल. असंच मी मनाशी धरलं आणि तसंच घरी बोलले.

ज्या दिवशी सगळं फिसकटलं त्या दिवशी मी मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत होते. बोईसरला एका लग्नघरची ऑर्डर होती, पापलेट आणि सुरमई. बायका पालघरला उतरल्या, दादा एकटेच पुढे गेले. बोईसरच्या नाक्यावर, जिथून चिल्हारकडच्या सहा सीटर रिक्षा सुटतात, तिथे ते चहासाठी थांबले आणि परत आले तर ट्रक लागेना. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर लाल किल्लीची खूण लुकलुके, बास. त्यांनी मला फोन केला. मी म्हटलं, "धक्का मारा." ते म्हणाले, "धक्क्यानं होणारं नाय हे, वयनी. गाडी किल्लीच ओळखत नाय." मला ते हास्यास्पद वाटलं. बैठक संपवून, खिळ्यावरची किल्ली घेऊन मी निघाले. पोचेपर्यंत तीन तास उलटून गेले होते. बर्फ खालून वाहत होता आणि लग्नघरच्यांनी दुसरीकडून मासळी उचलली होती.

नाक्यावर दादा ट्रकला टेकून उभे होते. भोवती सहा सीटरवाले, चहावाला, दोन-चार रिकामटेकडे. सगळे दादांच्या ओळखीचे, त्यांच्याच रस्त्यावरचे. मी कोणाशी न बोलता केबिनमध्ये चढले, माझी किल्ली घातली आणि फिरवली. ट्रक पहिल्या झटक्यात सुरू झाला.

कोणीतरी हसलं. मी खिडकीतून विचारलं, "चांगली झोप काढलीत ना?"

"वयनी, मी खोटं बोलतो असं म्हणायचंय का तुमाला?"

"मी कशाला म्हणू? गाडीनंच सांगितलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, चहावाल्याकडे बघितलं. मग खांद्यावरचा टॉवेल झटकला, समोरच्या सहा सीटरमध्ये जाऊन बसले आणि गेले. खोलीतलं अंथरूण, डबा, सगळं तिथेच राहिलं. त्यांच्या खिशातली किल्ली त्यांच्याबरोबर गेली. ती मागायचं मला सुचलं नाही आणि ती द्यायचं त्यांना.

घरी माझी जाऊ म्हणाली, "किल्ली घेऊन गेला गो तो. एक दिवस गाडी पळवंल."

"पळवायची असती तर नऊ वर्षांत पळवली असती," मी म्हटलं. हे बोलताना माझ्याच बोलण्यात विसंगती आहे हे मला कळलं, पण कामं पडली होती.

मला लायसन्स आहे. दुसरा ड्रायव्हर मिळेपर्यंत मी स्वतः ट्रक चालवायला घेतला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी बोईसरच्या रस्त्यावर, लख्ख ऊन पडलेलं असताना, वायपर सुरू झाले. मी दांडी वर केली, खाली केली, बंद केली. वायपर आपले फिरतच होते. शेजारून दुचाकीवर जाणारे दोघं ओरडले, "मावशी, पाऊस कुठं हाय?" मी सरळ समोर बघत राहिले. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. त्या दिवशी मला पोलिसापुढे हात वर करणारे दादा आठवले, पण तेवढ्यावर मी कोणाला फोन केला नाही. माणूस एकदम कबूल होत नाही. निदान मी तरी नाही.

मग एका सकाळी बंदरावर ट्रक लागेना. मागे मासळी भरलेली, बायका केबिनमध्ये आणि मागे हौद्यात बसलेल्या, आणि समोर लाल किल्ली लुकलुकतेय. मी किल्ली काढली, घातली, पुसली, पुन्हा घातली. जाऊ माझ्या बाजूलाच बसली होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "काय गो, आता तू पण झोप काढलीस?"

बाकीच्या खो खो हसल्या. मी उतरले आणि दुसरा टेम्पो बोलावला.

त्याच दुपारी ट्रक लागला, कसा तो देव जाणे, आणि मी तो तसाच बोईसरच्या कारखान्यांच्या भागात नेला. तिथे दुसरा एक इलेक्ट्रिशियन आहे. उत्तरेकडचा, पंचवीस वर्षांपूर्वी आला तो इथलाच झाला. कंपन्यांच्या गाड्या त्याच्याकडे येतात. मराठी समजतं, बोलतो हिंदी. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "धूप में खडी रहने के बाद ठीक हो जाती है क्या?"

मी आठवून बघितलं. नाक्यावर तीन तास ऊन. आज बंदरावर सकाळभर ऊन. "हो," मी म्हटलं.

तो डाव्या बाजूच्या दारातून आत शिरला, सीटवर न बसता खाली उकिडवा बसला आणि पाय ठेवायच्या जागेच्या बाजूला जे प्लास्टिकचं आवरण असतं ते त्याने ओढून काढलं. आत हाताच्या पंजाएवढा एक काळा डबा होता, त्यात चार जाड वायरींचे जुडगे शिरलेले. आवरण निघताच जो वास आला तो मला परका नव्हता. सुकत घातलेल्या मासळीच्या ओट्यावर असतो तोच.

त्याने बॅटरीची वायर काढली, थोडा वेळ थांबला, मग एकेक जुडगा सोडवला. आतल्या पितळी पिना हिरव्या पडल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये पांढरं मीठ साठलं होतं. डब्याच्या कडेला काहीतरी चिकटलेलं होतं. त्याने ते नखाने काढून तळहातावर घेतलं आणि उजेडात धरलं. सुका जवळा होता. डोळ्यासकट.

"मॅडम, इसमें तो झींगा रहता है," तो म्हणाला. "किराया लेते हो कि नहीं?"

मग त्याने समजावलं. इंजिनचा मेंदू वेगळा, हा केबिनचा मेंदू. याला बीसीएम म्हणतात. हॉर्न, वायपर, दिवे, इंडिकेटर, लॉकं, सगळ्यांना हुकूम इथून जातो. किल्लीमध्ये बारीक चिप असते, ती ओळखायचं कामही याचंच. पिनांमध्ये खारं पाणी गेलं की एकाचा हुकूम दुसऱ्याला पोचतो. सुकलं की पुन्हा सगळं सुरळीत. ओलावा आला की पुन्हा वेडेपणा. माझ्या किल्लीने नाक्यावर ट्रक लागला त्यात माझा हात चांगला होता असं काही नव्हतं. तीन तासांच्या उन्हात डबा सुकला होता, इतकंच. तेव्हा दादांनी त्यांची किल्ली फिरवली असती तरी तो लागला असता. मी पोचेपर्यंत त्यांनी ती फिरवून बघणं थांबवलं होतं, कारण मीच येते म्हणाले होते.

"इधर पानी कौन मारता है?" इलेक्ट्रिशियनने विचारलं. मी उत्तर देण्याआधी त्यानेच दिलं. "ड्रायव्हर लोग ऐसे ही होते हैं. सीधा पाईप डाल देते हैं."

मी काही बोलले नाही. गप्प बसणं म्हणजे हो म्हणणंच.

आमचा बोंबील केबिनमध्ये बसून जातो, तो का ते सांगायला हवं. बोंबील म्हणजे निम्मं पाणी. त्याच्यावर वजन आलं की त्याची पेज होते. मागच्या हौद्यात बर्फाच्या पेट्या आणि मोठी मासळी असते, तिथे त्याला जागा नाही. म्हणून आमच्याकडे बोंबलाची पाटी पहिल्यापासून पुढे, केबिनमध्ये, डावीकडे बसणाऱ्या बाईच्या पायाशी. पाटी बाजूच्या आवरणाला टेकवायची, वर ओलं फडकं टाकायचं. पालघरला पोचेपर्यंत पाणी निथळत राहतं, आणि बोंबलात मिसळलेला जवळाही त्याबरोबर गळतो. आणि डावीकडे बसणारी बाई म्हणजे बहुतेक वेळा मी.

त्यात धुण्याची भर. मासळीचा ट्रक असला तरी केबिनला वास येता कामा नये, हा माझा हट्ट. रोज परत आल्यावर पायाखालचं रबर काढून मी स्वतः पाईप मारत असे, डावीकडून जोर लावायचा म्हणजे सगळी घाण उजव्या दारातून बाहेर. बंदरावर म्हणत, "हिच्या गाडीत पान मांडून जेवावं." मला ते ऐकायला आवडे. दोन वर्षांपूर्वी दादा एकदा म्हणाले होते, "वयनी, आत पाईप नका मारू, फडक्यानं पुसतो मी." मी म्हटलं होतं, "तुमच्या पुसण्यानं वास जात असता तर मी कशाला वाकले असते?" त्यानंतर ते बोलले नाहीत. बारा वर्षांच्या गाडीत पावसाळ्याचं पाणीही गेलं असेल, हवाही खारी आहेच. पण जवळा पावसातून येत नाही.

इलेक्ट्रिशियनने डबा साफ करून बघितला. दोन दिवस चालला, पुन्हा तेच. भंगारातला जुना डबा बसवता येईल, पण त्याच्या आठवणीत दुसऱ्याच गाडीच्या किल्ल्या असतील आणि तो कुठल्या पाण्यातून आला हे कोणाला ठाऊक, असं तो म्हणाला. नवा मागवला. इतक्या जुन्या मॉडेलचा लगेच मिळेना; आठ दिवस लागले. ते आठ दिवस मी दुसऱ्याच्या टेम्पोने मासळी पाठवली आणि रोज ठरवलं की आज दादांना फोन करायचा.

नवा डबा आला त्या दिवशी मी सकाळीच बोईसरला गेले. इलेक्ट्रिशियनने जुन्या वायरींचे फोटो काढून ठेवले होते, त्याप्रमाणे एकेक जुडगा नव्या डब्यात बसवला, प्रत्येक वेळी टक् असा आवाज आला की तो मान हलवायचा. पिना कुजलेल्या होत्या तिथे नवीन तोंडं लावली. मग त्याने ग्रीसचे डाग पडलेला लॅपटॉप उघडला आणि वायर जोडली. "अब इसको गाडी का नंबर सिखाना है, फिर चाबी. जितनी चाबी है, सब दो."

मी माझी किल्ली पुढे केली.

"एक ही? दूसरी?"

"ड्रायव्हरकडे आहे."

"छोड के गया?"

"हो."

"तो अच्छा है. एक ही सिखा देता हूँ. दूसरी अपने आप मर जाएगी. घुमाते रहे, गाडी पहचानेगी ही नहीं." त्याला यात माझी सोय दिसत होती. गेलेल्या ड्रायव्हरकडे चालती किल्ली असणं कोणाला आवडतं?

मी विचारलं, "नंतर शिकवता येणार नाही का?"

येईल, पण पुन्हा सगळ्या किल्ल्या एकदम आणाव्या लागतील, पुन्हा कंपनीकडून परवानगीचा नंबर मागवावा लागेल. आजचा आलेला नंबर पाच वाजेपर्यंतच चालणार.

तेव्हा अकरा वाजले होते. मी त्या डब्याकडे बघत उभी राहिले. दादांना कामावरून मी कधी शब्दांत काढलं नव्हतं. ते गेले आणि मी जाऊ दिलं, एवढंच झालं होतं. आता एक बटण दाबलं की ते पक्कं होणार होतं. त्यांच्या खिशात किल्ली राहील, दात तेच, वजन तेच, आणि ती कशालाच लागणार नाही. त्यांना ते कळणारसुद्धा नाही.

"थांबा," मी म्हटलं. "पाचच्या आत येते. आणि पाणी ड्रायव्हर नाही, मी मारत होते."

त्याने लॅपटॉपवरून डोळे वर केले. "आप?"

"मी. रोज."

"तो आप ही का इलाज पहले करना पडेगा," असं म्हणून तो दुसऱ्या गाडीकडे वळला.

जुना डबा मी पिशवीत घातला आणि सहा सीटर धरली. दादांचा पाडा रस्त्यापासून आत आहे, बांधाबांधाने चालत जावं लागतं. भाताची कापणी झाली होती. खळ्यावर दादा आणि त्यांची बायको भात झोडत होते. मला बघून दादा थांबले, बायको थांबली नाही. हातातली पेंढी पूर्ण झोडून, बाजूला टाकून मगच ती घरात गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. पाणी दिलं. बसा म्हणाली नाही.

मी डबा काढून दादांच्या हातात दिला. "हा डाव्या पायाजवळ असतो. हॉर्न, वायपर, लॉक, किल्ली, सगळं याच्यावर हाय. खारं पाणी गेलं आत. बोंबलाचं, नि माझ्या पाईपचं."

त्यांनी तो उलटा केला, हिरव्या पिना बघितल्या, बोटाने मीठ खरवडलं. "एवढ्याशा डब्यात?"

"एवढ्याशा."

"हेडलाईट पण?"

"त्या पण. तुमी सांगत होता ते सगळं खरं होतं."

दादा अजून पिनाच बघत होते. त्यांची बायको बोलली. "चार मानसांत बोललात, नि सांगाया एकटीच आलात?"

"अगो, ऱ्हाव दे," दादा म्हणाले.

"का ऱ्हाव दे? नाक्यावर उतरत नाय हे. बाजाराला जायचं तं एक फाटा आधी उतरून चालत जातात. तिथं बसले की पोरं इचारतात, दादा, झोप झाली का?" ती माझ्याकडे वळली. "नऊ वरसं तुमची मासळी नेली. एक दिस नासली तं यांनी नासवली."

दादा आत जाऊन किल्ली घेऊन आले. फडक्यात बांधून ठेवली होती. "इतवारी पाठवनारच होतो," ते म्हणाले. "तुमची वस्तू हाय."

"परत न्यायला नाय आले मी. नव्या डब्याला दोन्ही किल्ल्या दाखवायच्यात, नायतर तुमची मरंल. तुमी चला बरोबर, तुमच्या हातानं लावा."

त्यांनी खळ्याकडे बघितलं. "भात पडलंय."

"मग मी लावून आणते."

"आणा," ते म्हणाले. येतो म्हणाले नाहीत.

चारच्या सुमारास मी बोईसरला परत पोचले. इलेक्ट्रिशियनने आधी माझी किल्ली घातली, लाल खूण विझेपर्यंत थांबला, ती काढली आणि लगेच दादांची घातली. पुन्हा खूण विझली. मग मला सीटवर बसवून त्याने एकेक गोष्ट करायला लावली आणि बाहेरून ओरडत राहिला. उजवा इंडिकेटर. डावा. हॉर्न. वायपर. मोठे दिवे. लॉक. शेवटी इंजिन, एकदा या किल्लीने, एकदा त्या. डबा त्याने पट्टी लावून वीतभर उंच नेला आणि वायरींना खाली झोळ दिला, म्हणजे पाणी आलंच तर वायरीवरून डब्यात न जाता झोळातून खाली टपकेल. "लेकिन पाईप बंद," तो म्हणाला. मी हो म्हटलं. या वेळी तोंडाने.

तिथून सरळ सातपाटीला जाता आलं असतं. मी ट्रक नाक्यावर नेला, चहाच्या टपरीसमोर लावला आणि उतरले. सहा सीटरवाले होते, चहावाला होता. बहुतेक त्या दिवशीचेच. मी जुना डबा बाकड्यावर ठेवला.

"त्या दिवशी मी दादांना इथं बोलले ते चूक होतं," मी म्हटलं. "गाडी याच्यामुळं बंद पडली होती, आणि हा माझ्यामुळं बिघडला. मी आत पाणी मारत होते. दादांनी मला नको म्हणून सांगितलं होतं."

अशी कबुली देणारं गिऱ्हाईक त्यांच्याकडे रोज येत नसणार. मग एक सहा सीटरवाला डबा उचलून वास घेत म्हणाला, "ताय, हे तं सुकटीचं दुकान झालंय."

"कालवण होईल का बघ," चहावाला म्हणाला.

मी हसले नाही, पण त्यांना हसू दिलं. मग दादांच्या पाड्याकडे जाणारी पुढची सहा सीटर कोणाची ते विचारलं. डब्याचा वास घेणाऱ्याचीच होती. आमच्या भागात औषधं, लग्नपत्रिका, कोंबड्या, सगळं सहा सीटरवाल्यांच्या हाती जातं आणि वस्तूबरोबर तिची बातमीही जाते, वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर थोडी थोडी उतरत. किल्ली मी स्वतः नेऊन दिली असती तर ती फक्त दादांना मिळाली असती. मी ती त्याच्या हातात ठेवली. "दादांना दे. सांग, चालू हाय."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तू सांगशीलच."

"ते काय सांगायचं राहतंय का, ताय," तो म्हणाला.

पुढचे तीन दिवस मी ट्रक चालवला. वायपर बसून राहिले, हॉर्न गप्प राहिला. दादांचा फोन आला नाही, मीही केला नाही. चौथ्या दिवशी पहाटे बंदरावर गेले तर ते ट्रकपाशी उभे होते, खांद्यावर टॉवेल. डावं दार उघडून आत बघत होते. जाऊ नेहमीप्रमाणे बोंबलाची पाटी घेऊन चढायला आली.

"पाटी मागं," दादा म्हणाले.

"मागं? चेंगरतील रे ते!"

"मग मांडीवर घ्या. खाली ठेवायची नाय."

जाऊने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं मी काही बोलेन. मी म्हटलं, "दादा सांगतात तसं." ती पुटपुटत मागे गेली. नंतर मी हौद्यात वरच्या बाजूला लाकडी फळी मारून घेतली आणि बोंबलाची सोय तिथे केली. ती तक्रार मिटायला महिना गेला.

दादा पहिल्यासारखेच काम करतात. वेळेवर येतात, रविवारी घरी जातात, नाक्यावर चहा पितात. केबिन तेच पुसतात. वास थोडा येतो, येऊ दे. एक गोष्ट मात्र नवी आहे. ट्रकमध्ये काहीही खुट्ट झालं, आरसा सैल झाला, मागचा दिवा मंद झाला, तरी ते तोंडाने सांगत नाहीत. बाजूला थांबतात, मोबाईल काढतात, त्याचं चित्रीकरण करतात आणि मला पाठवतात. त्यात डॅशबोर्डवरचं घड्याळही दिसेल असं धरतात.

गेल्या आठवड्यात क्लचचा आवाज येतोय म्हणून असंच एक आलं. मी फोन करून म्हटलं, "दादा, याची गरज नाय. तुमी नुसतं सांगितलंत तरी पुरे."

"असू दे, वयनी," ते म्हणाले.

काल पुन्हा एक आलं. मी ते शेवटपर्यंत बघितलं आणि गॅरेजला फोन केला.